मान्यतेविना ३५ वर्षं

एका कॉलेजच्या पात्रता विभागात माझी २६ वर्षं गेली. ‘एलिजिबिलिटी’ म्हणतात सगळे. काम एका वाक्याचं: बाहेरून आलेल्या विद्यार्थ्याच्या हातातला कागद आपल्याकडे चालतो की नाही, ते बघायचं. बोर्ड कुठलं, विद्यापीठ कुठलं, कायद्यात बसतं का, समकक्षता आहे का, मायग्रेशन आणलंय का. खिडकीतून आत येणारा हात बघायचा, चेहरा नंतर.

निवृत्त झालो तरी लोक येतात. गेल्या जूनमध्ये ओळखीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन घरी आले. मुलीने बारावीनंतर दोन वर्षांचा लॅब टेक्निशियनचा कोर्स केला होता, तालुक्याच्या गावी, एका खासगी संस्थेत. आता तिला पुढे शिकायचं होतं आणि कुणी दारात उभं करत नव्हतं. तिने सर्टिफिकेट माझ्यासमोर ठेवलं. जाड चकचकीत कागद, सोनेरी गोल शिक्का, कोपऱ्यात होलोग्राम, वर मोठ्या अक्षरात ‘शासनमान्य’. तळाशी तीन ओळी: ट्रस्टचा नोंदणी क्रमांक, आयएसओ ९००१, आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरचा क्रमांक.

गंमत म्हणजे तिन्ही क्रमांक खरे असू शकतात. ट्रस्ट नोंदला याचा अर्थ धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात संस्थेचं नाव आहे. आयएसओ म्हणजे कामकाजाची पद्धत कुणीतरी पैसे घेऊन तपासली. दर्पणवर स्वयंसेवी संस्था आपली माहिती आपणच भरते. परीक्षा घेऊन एखाद्याला तंत्रज्ञ ठरवण्याचा अधिकार यातल्या एकानेही मिळत नाही. नोकरीच्या ठिकाणी, व्यवसायाच्या परिषदेच्या नोंदणीत किंवा पुढच्या प्रवेशाला विचारतात ती चौथी ओळ, कोर्स कुठल्या मान्य बोर्डाचा किंवा विद्यापीठाचा ते सांगणारी, आणि तीच त्या कागदावर नव्हती.

“पण काका, बिल्डिंग मोठी आहे हो त्यांची,” वडील म्हणाले.

मुलगी गप्प होती. मग तिने विचारलं, “म्हणजे मी शिकले ते खोटं का? रक्त काढायला येतं मला. स्लाइड करता येते.”

हा प्रश्न खिडकीवर मला कुणी विचारला नव्हता, आणि विचारला असता तर मी ‘पुढचा’ म्हणालो असतो. आता वेळ होता. तिला नीट उत्तर द्यायचं तर मला आपल्याकडचंच एक जुनं प्रकरण उलगडावं लागलं. मान्यता नसलेली संस्था म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर फक्त लबाडी येते. हे प्रकरण तसं नाही, आणि म्हणूनच त्यातून जास्त कळतं.

१९१५ सालची गोष्ट. धोंडो केशव कर्वे सत्तावन्न वर्षांचे होते. फर्ग्युसन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी संपलेली. १८९६ साली काढलेला अनाथ बालिकाश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला नेऊन पंधरा वर्षं झाली होती. १९०७ पासून महिला विद्यालयही चालू होतं. अशात त्यांच्याकडे कुणीतरी पाठवलेली एक पुस्तिका आली, तोक्योच्या जपान महिला विद्यापीठाची माहिती देणारी. ती काही दिवस बाजूला पडून राहिली. त्या डिसेंबरात मुंबईला सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं, भाषणाला विषय हवा होता, आणि पुस्तिका पुन्हा हातात आली. भाषणात त्यांनी हिंदुस्थानातल्या बायकांसाठी वेगळ्या विद्यापीठाची कल्पना मांडली. पुढच्या जूनमध्ये, म्हणजे सहा महिन्यांत, विद्यापीठ उभं राहिलं: भारतवर्षीय महिला विद्यापीठ. कुलपती रामकृष्ण गोपाळ भांडारकर, कुलगुरू रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे. जुलैत कॉलेज सुरू झालं. पहिल्या वर्गातल्या मुली हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या.

सगळं होतं, फक्त सरकारची सनद नव्हती.

याचा अर्थ आधी कायद्याच्या बाजूने बघू. मुंबई विद्यापीठ १८५७ च्या कायद्याने झालं. बनारस हिंदू विद्यापीठालाही १९१५ साली कायदाच करावा लागला. त्या काळी विद्यापीठ म्हणजे कायदेमंडळाने जन्माला घातलेली वस्तू. कर्व्यांचं विद्यापीठ म्हणजे काही सज्जनांनी एकत्र येऊन केलेला ठराव. त्यांना पदवी द्यायला कुणी बंदी केली नव्हती, पण ती पदवी घ्यायला कुणी बांधीलही नव्हतं. मान्यता या शब्दाची मेख दुसऱ्या अर्ध्या भागात आहे. आपण समजतो, मान्यता म्हणजे सरकारने दिलेलं प्रशस्तिपत्र, ‘ही संस्था चांगली शिकवते’ असं. पात्रता विभागात बसलेल्या माणसाला विचारा. मान्यता म्हणजे तुमचा कागद तिसऱ्याच कुणाच्या तरी खिडकीवर न वाचता चालणं. संस्था चांगली असो की वाईट, कारकुनाने ती बघायला जायचं नसतं, यादी बघायची असते.

ही गोष्ट कर्व्यांना माझ्यापेक्षा चांगली माहीत असणार. सतरा वर्षांचे असताना मुरुडहून साताऱ्याला ते चालत गेले होते, परीक्षेला बसायला. कोकणातून घाट चढून, दिवसांमागून दिवस. तिथे समितीने त्यांना पाहिलं आणि परत पाठवलं, कारण अंगाने बारीक, बुटका पोरगा सतराचा दिसत नव्हता. वय बसत होतं, वाटत नव्हतं. परीक्षेला बसूच दिलं नाही. तो मुलगा आल्या वाटेने परत गेला. पात्रता नाकारली जाणं म्हणजे काय, हे ज्याच्या पायांनी मोजलंय त्याने चाळीस वर्षांनी असं विद्यापीठ काढलं, की ज्याच्या विद्यार्थिनींची पात्रता उद्या कुणीही नाकारू शकेल. हे धाडस की अविचार, यावर माझं मत अजून पक्कं नाही.

त्यांच्या बाजूने बोलायचं तर थांबून काय मिळणार होतं? मुंबई विद्यापीठ बायकांना बंद नव्हतं. १८८० च्या दशकातच कॉर्नेलिया सोराबजी डेक्कन कॉलेजातून शिकून तिथली पदवीधर झाली होती. पण ते दार इंग्रजीतून शिकणाऱ्यांसाठी, वेळेवर शाळेत गेलेल्यांसाठी आणि पुरुषांचाच अभ्यासक्रम झेपणाऱ्यांसाठी उघडं होतं. हिंगण्याला येणाऱ्यांत विशीत अक्षरं गिरवायला बसलेल्या विधवा होत्या. कर्व्यांनी शिक्षण मातृभाषेतून ठेवलं, इंग्रजी सक्तीचा विषय म्हणून ठेवलं, आरोग्य आणि गृहव्यवस्था अभ्यासात आणली. उच्च शिक्षण मराठीतून देणारं विद्यापीठ १९१६ साली कुठलं सरकार मान्य करणार? सनद आधी मागितली असती तर पहिली अट माध्यमाचीच पडली असती, असं मला वाटतं. गांधीजींना मातृभाषेचा भाग आवडला, इंग्रजीची सक्ती आवडली नाही. म्हणजे एका बाजूला इंग्रजी कमी म्हणून कुरकुर, दुसऱ्या बाजूला जास्त म्हणून. कर्वे दोन्हीकडे मान हलवून आपलं करत राहिले.

मजेची गोष्ट अशी की ज्या जपानी विद्यापीठाचं उदाहरण घेतलं, ते तरी कुठे मान्यताप्राप्त होतं? १९०१ साली नारुसे जिन्झो यांनी ते काढलं, नावात विद्यापीठ घातलं, पण जपान सरकारच्या लेखी ती विशेष शिक्षणाची शाळा होती. विद्यापीठाचा दर्जा १९४८ साली, महायुद्धानंतर मिळाला. एका बिनशिक्क्याच्या विद्यापीठाची पुस्तिका पुण्याला आली आणि दुसरं बिनशिक्क्याचं विद्यापीठ झालं.

आता पदवीकडे येऊ, कारण मला या प्रकरणातली सगळ्यात आवडती जागा तीच आहे. महिला विद्यापीठाने बी.ए. दिली नाही. तिथून पास होणारी मुलगी व्हायची ‘गृहीतागमा’, जी.ए. आगम म्हणजे शास्त्र, विद्या; ती जिने ग्रहण केली ती गृहीतागमा. त्याच्या पुढची पदवी ‘प्रदेयागमा’, पी.ए. जिच्याकडे आता देण्यासारखी विद्या आहे ती. नावं कुणाला जड वाटतील. मला ती प्रामाणिक वाटतात. बी.ए. म्हटलं असतं तर गावाकडच्या मामलेदाराला, शाळेच्या चालकाला फरक कळला नसता. कागद काही ठिकाणी खपूनही गेला असता. जी.ए. म्हटल्यावर समोरचा विचारणारच, ‘हे काय?’ आणि मग सांगावं लागणार. ज्या संस्थेला लपवायचंय ती ओळखीच्या नावाजवळ जाते. मी खिडकीवर ‘युनिव्हर्सिटी’च्या जागी ‘युनिव्हर्सल’, ‘बोर्ड ऑफ’च्या आधी ‘ऑल इंडिया’, आणि अशोकस्तंभासारखे दिसणारे पण सिंहांऐवजी भलतंच काही असलेले शिक्के बघितलेत. एकाही लबाड संस्थेने आपल्या पदवीला गृहीतागमा असलं नाव ठेवलेलं पाहिलं नाही.

पण नाव प्रामाणिक असलं तरी दार उघडत नाही. १९२० च्या सुमारास एखादी गृहीतागमा माझ्या खिडकीवर आली असती तर मी काय केलं असतं? एम.ए.ला प्रवेश हवा? यादीत विद्यापीठ नाही. सरकारी शाळेत पदवीधर म्हणून नेमणूक? नाही. वकिली शिकायची? आधी मान्य पदवी आण. तिच्याइतकं संस्कृत मला येत नसतं, तरी नाही म्हटलं असतं, आणि नियमाने माझं बरोबरच असतं. संस्थेला मान्यता नसण्याची किंमत संस्था देत नाही. संस्थेची सभा भरते, अहवाल छापतो, वार्षिक समारंभाला हार येतात. किंमत देते ती मुलगी, पास होऊन बाहेर पडल्यावर, एकटी, अनोळखी कचेरीत. कर्व्यांवर लिहिणारे बहुतेक लोक ही बाजू ओलांडून जातात. थोर माणसाचं काम म्हटलं की त्याच्या कामाचं बिल कुणी भरलं, ते विचारायला आपल्याला संकोच होतो.

पालकांना तो संकोच नव्हता. ज्यांना निवड करता येत होती ते मुलीला मॅट्रिकला बसवत, महिला विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेला नाही. जे परिस्थितीने किंवा वयाने मॅट्रिकच्या वाटेवर नव्हते, त्यांच्यासाठी हिंगणं होतं. तरी पुण्याबाहेर, गुजरातीभाषक भागातही शाळा आणि कॉलेजं विद्यापीठाला जोडली गेली. याचा अर्थ कागदाला कुठेतरी भाव होता. कुठे, ते बघितलं पाहिजे.

पहिलं गिऱ्हाईक विद्यापीठ स्वतः. कर्व्यांच्या संस्थांचा पसारा वाढत होता, त्यात शिकवायला बायका लागत होत्या, आणि इथे शिकलेल्या बायका तिथे लागत. जो कागद बाहेर चालत नाही तो आपल्या घरात चालवून दाखवायचा. ही सोय चांगली, पण तिला मर्यादा आहे: घर केवढं, तेवढ्याच नोकऱ्या.

दुसरा भाव नावांचा. भांडारकर स्वतः मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले. परांजपे केंब्रिजचे सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले आलेले, तो मान मिळालेले पहिले हिंदी गृहस्थ, फर्ग्युसनचे प्राचार्य. सरकारची सही नाही, पण या दोघांची आहे. पदवी सरकारने ओळखली नाही तरी भांडारकर खोट्या कागदावर सही करणार नाहीत, एवढं महाराष्ट्रातल्या शिकलेल्या माणसाला माहीत होतं. आज आपण ‘ब्रँड’ म्हणतो तसलं हे नव्हे. ही उसनी पत होती, आणि ज्यांनी ती दिली त्यांनी स्वतःचं आयुष्यभराचं नाव गहाण टाकलं होतं. पण पत सहीच्या टप्प्यापर्यंतच पोचते. पुण्यात भांडारकर म्हटलं की पुरे. चार जिल्हे पलीकडच्या कचेरीत त्या सहीला कोण विचारतो?

तिसरा भाव पैशाचा. १९१९ च्या सुमारास मुंबईचे गिरणीमालक विठ्ठलदास ठाकरसी जगप्रवासाला गेले, बरोबर विश्वेश्वरय्या होते. तोक्योत त्यांनी तेच महिला विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलं. परत आल्यावर १९२० साली त्यांनी कर्व्यांच्या विद्यापीठाला १५ लाखांची देणगी जाहीर केली, आईच्या नावाने: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी. साडेतीन टक्क्यांनी त्याचं वर्षाचं व्याज ५२,५०० रुपये. तोवर कर्वे दारोदार फिरून रुपया-रुपया गोळा करत होते, आणि पुढेही करत राहिले. एकाहत्तराव्या वर्षी, १९२९ साली, ते जगप्रवासाला निघाले, विद्यापीठाची गोष्ट सांगत आणि वर्गणी मागत. मग आफ्रिका: मोंबासा, युगांडा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. कुठल्या सरकारमान्य विद्यापीठाच्या संस्थापकाला सत्तरीनंतर बोटीने वर्गणी मागत फिरावं लागलं असेल? अनुदान नसणं म्हणजे काय, ते या प्रवासांच्या नकाशावर दिसतं. मान्यतेबरोबर विद्यार्थ्यांची सोय येते, तशी संस्थेची चूलही पेटते. ती नसेल तर एक तर कर्वे लागतात नाहीतर ठाकरसी, आणि इथे नशिबाने दोघेही होते.

यात एक गाठ आहे ती मला नीट सुटत नाही. १९२१ साली नव्या सुधारणांनंतर शिक्षण खातं हिंदी मंत्र्यांकडे आलं. मुंबई इलाख्याचे पहिले शिक्षणमंत्री कोण? र. पु. परांजपे. म्हणजे महिला विद्यापीठाचे पहिले कुलगुरूच, आणि कर्व्यांच्या नात्यातले, त्यांनीच कोकणातून शिकायला आणलेले. आपल्याकडच्या आजच्या सवयीने कुणीही म्हणेल, झालं काम. झालं नाही. परांजपे १९२३ पर्यंत मंत्री होते आणि मान्यता आली १९५१ साली. मंत्र्याच्या मनात असणं वेगळं, कायदेमंडळात विधेयक आणून, खर्चाची तरतूद करून, मराठी माध्यमाच्या पदवीला मुंबई विद्यापीठाच्या पदवीशेजारी बसवणं वेगळं. आणि परांजपे हा हिशेबी, काटेकोर माणूस. आपल्याच घरच्या संस्थेवर शिक्का मारायला त्यांचा हात कचरला असेल, असा आपला माझा अंदाज. तसं असेल तर त्यांच्याबद्दलचा माझा आदर वाढतो आणि त्या मुलींबद्दलची हळहळही.

याच सुमाराला देशात मान्यतेविना चालणारी दुसरीही विद्यापीठं निघाली. गुजरात विद्यापीठ १९२०, पुण्याचं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ १९२१. पण त्यांची गोष्ट उलटी. असहकाराच्या लाटेत त्यांनी सरकारचा शिक्का नाकारला. तिथे मान्यता नसणं हा मान होता, आणि तिथून पदवी घेणाऱ्या तरुणाला आपण कुठल्या दारावर लाथ मारतोय ते ठाऊक असे. कर्व्यांनी लाथ मारली नव्हती. ते दाराशी उभे होते, कडी वाजवत, ३५ वर्षं. राष्ट्रीय चळवळीतल्या काहींना ते मवाळ वाटत, सरकारला ते अर्धवट वाटत. या मधल्या जागेत उभं राहायला फार कमी जणांना जमतं, कारण तिथे टाळ्या मिळत नाहीत.

आणि मुलींचं काय झालं? सगळ्यांचं मला माहीत नाही. पण एकीचं सांगतो. ‘केसरी’चे संपादक न. चिं. केळकर यांची मुलगी कमलाबाई देशपांडे याच विद्यापीठाची गृहीतागमा. पुढे त्या युरोपात गेल्या आणि प्रागमध्ये पीएच.डी. झाल्या. मुंबई सरकारच्या दप्तरात जी पदवी नव्हती, तिच्या आधारावर चेकोस्लोव्हाकियात संशोधनाचं दार उघडलं. तिथल्या प्राध्यापकांनी बाईंचं काम बघितलं असणार, यादी नाही. त्यांच्या नावापुढे दोन्ही पदव्या लागत, जी.ए. आणि पीएच.डी., शेजारी-शेजारी. मी ही गोष्ट त्या मुलीला सांगितली तेव्हा तिच्या डोळ्यांत एक चमक आली, आणि मला लगेच वाटलं, चूक केली आपण. केळकरांच्या मुलीला प्राग मिळतं. हिंगण्याच्या बाकीच्या गृहीतागमांना प्राग नव्हतं, आणि या मुलीलाही नाही.

१९३६ साली विद्यापीठाचं मुख्यालय मुंबईला गेलं. त्याआधीची पाच वर्षं कुलसचिवाचं काम इरावती कर्वे बघत होत्या, कर्व्यांच्या सूनबाई आणि पुढे मोठ्या मानववंशशास्त्रज्ञ. १९५१ साली मुंबई राज्याने विद्यापीठाला कायद्याने मान्यता दिली, नाव झालं श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, आपलं एसएनडीटी, आणि प्रेमलीला ठाकरसी त्याच्या पहिल्या कुलगुरू झाल्या. कर्वे तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे. मुंबई विद्यापीठाने १९५७ साली त्यांना एलएल.डी. दिली. १९५८ साली भारतरत्न आलं, १९६२ साली ते वारले, वय १०४.

मधे १९५६ साली एक गोष्ट घडली, जिच्याकडे चरित्रकारांचं लक्ष जात नाही, पण माझ्यासारख्याचं जातंच. विद्यापीठ अनुदान आयोगाचा कायदा झाला. त्याचं कलम २२ म्हणतं, पदवी फक्त संसदेच्या किंवा राज्याच्या कायद्याने झालेल्या विद्यापीठाने, किंवा अभिमत (‘डीम्ड’) विद्यापीठाचा दर्जा दिलेल्या संस्थेने द्यायची. कलम २३ म्हणतं, बाकी कुणी नावात ‘युनिव्हर्सिटी’ लावायचं नाही. कलम २४ मध्ये शिक्षा: एक हजार रुपयांपर्यंत दंड. म्हणजे १९१६ साली कर्व्यांनी जे केलं ते १९५६ नंतर केलं असतं तर गुन्हा झाला असता, आणि आज कुणी केलं तर आयोगाच्या बनावट विद्यापीठांच्या यादीत नाव लागेल. ती यादी आयोग दरवर्षी काढतो. नागपूरचं एक नाव तिच्यात कित्येक वर्षं मुक्कामाला होतं. आणि हजार रुपये! एका विद्यार्थ्याच्या प्रवेशअर्जात तेवढे सुटतात. कायदा कर्व्यांसारख्याला अडवायला पुरेसा आहे, लबाडाला नाही.

शिक्का असला म्हणजे आत विद्यापीठ असतंच, असंही नाही. छत्तीसगडने २००२ साली कायदा केला आणि बघता बघता शंभरावर खासगी विद्यापीठं राजपत्रात आली. कायद्याचा शिक्का अस्सल, पण अनेकांना धड इमारत नव्हती. शास्त्रज्ञ आणि अनुदान आयोगाचे माजी अध्यक्ष प्रा. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २००५ मध्ये न्यायालयाने त्या विद्यापीठांचा पायाच काढून घेतला. तिथे शिकणाऱ्यांसाठी न्यायालयाने मार्ग दाखवला तो जुन्या सरकारी विद्यापीठांशी संलग्न होण्याचा. म्हणजे शेवटी पुन्हा तेच, दुसऱ्या कुणाची तरी खिडकी.

मान्यता, संलग्नता आणि मूल्यांकन या तीन गोष्टींची पालक हमखास खिचडी करतात, म्हणून तेवढं सांगून टाकतो. पदवी देण्याचा अधिकार कायद्याने विद्यापीठाला मिळतो. कॉलेज त्या विद्यापीठाला संलग्न असतं, आणि तेही कॉलेज म्हणून नव्हे, एकेका अभ्यासक्रमापुरतं, कधी एकेका वर्षापुरतं, बी.कॉम.ची संलग्नता आहे म्हणून बी.एस्सी.ची असेलच असं नाही. मूल्यांकन करणारी संस्था म्हणजे नॅक, ती १९९४ साली आली. ती श्रेणी देते, दर्जा तपासते, पण नॅकची ‘ए’ म्हणजे पदवीचा अधिकार नव्हे. शिवाय व्यवसायाचं शिक्षण असेल तर त्या व्यवसायाची परिषद वेगळी. आणि मान्यता आज मिळाली म्हणून काल पास झालेल्याला ती लागू होते, असं धरून चालू नये. ‘मान्यता प्रस्तावित’ हे शब्द माहितीपत्रकात दिसले की मी पालकांना पाकीट खिशात ठेवायला सांगतो.

त्या दिवशी हे सगळं एवढं सविस्तर बोललो नाही अर्थात. मुलीने मधेच विचारलं, “मग त्या कर्व्यांनी मुलींना आधी सांगितलं होतं का, की हे सरकारात चालणार नाही?”

मी म्हटलं, पदवीचं नावच वेगळं ठेवलं होतं, गृहीतागमा. लपवायचं असतं तर बी.ए. म्हटलं असतं. वृत्तपत्रांत वाद झाले, सनद नाही म्हणून टीका झाली, सगळं उघड्यावर होतं.

“आमच्याकडे विचारलं होतं मी,” ती म्हणाली. “सर म्हणाले, सगळीकडे चालतं.”

वडील खाली बघत होते. दोन वर्षांची फी त्यांनी कुठून भरली ते मला ठाऊक होतं. ‘सर म्हणाले’ याची पावती नसते, पण फीच्या पावत्या असतात, माहितीपत्रक असतं, त्यावर ‘शासनमान्य’ छापलेलं असतं. त्या सगळ्याच्या प्रती काढायला सांगितल्या, आणि ग्राहक आयोगात तक्रारीचा अर्ज कसा करतात ते एका ओळखीच्या वकिलीणबाईंकडून समजून घ्यायला सांगितलं. फी परत मिळेल की नाही ते मला सांगता येईना. वर्षं तर परत मिळत नाहीतच.

मग तिच्या पुढच्या प्रवेशाचं बघायला लागलो. चकचकीत सर्टिफिकेट तिने परत पिशवीत घालायला घेतलं. मी म्हटलं, ते राहू दे, फेकू नकोस, पण अर्जाला लावू नकोस.

“मग काय लावू?”

“बारावीची मार्कशीट आहे ना? बोर्डाची? ती मूळ आण, आणि टीसी. चार दिवस आहेत अजून.”

ती उठली, आणि दारात थांबून म्हणाली, “टीसी त्यांच्याकडेच अडकलीय.”

मी चष्मा लावला आणि वहीतून एक कोरा कागद फाडला. “बस,” म्हटलं. “अर्ज लिहू.”